एम.ए. अर्थशास्त्र: गणिताबरोबर आकड्याचा उगमही शिका

अर्थशास्त्राच्या एम.ए.ला गणित पक्कं लागतं, यात वाद नाही. पण हातातला आकडा आला कुठून, हे विचारण्याची सवयही तितकीच लागते. पुण्यात १९३० साली सुरू झालेली गोखले संस्था बघा. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिथल्याच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणशी रोज २,२५० कॅलरींचा निकष धरून त्यांनी १९६०-६१च्या किमतींना वर्षाकाठी किमान खर्च ठरवला: खेड्यात १८० रुपये, शहरात २७०. यातली आकडेमोड अवघड नाही. कस लागतो तो निकष ठरवताना.

कुणी म्हणेल, सरकारी आकडेवारी आता घरबसल्या मिळते, मग पाहणीची पद्धत कशाला शिकायची? उलट, म्हणूनच शिकायची. खाण्यावरचा खर्च गेल्या सात दिवसांचा विचारला की तीस दिवसांचा, यावरून उत्तर बदलतं. १९९९-२०००च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनंतर गरिबी नेमकी किती घटली, हा वाद याच मुद्द्यावरून पेटला. प्रश्नावली न वाचता चालवलेलं उत्तमातलं उत्तम इकॉनॉमेट्रिक्सही अशा वेळी चकवतं. म्हणून प्रवेश घेताना अभ्यासक्रमात प्रत्यक्ष पाहणीवरचा प्रबंध आहे का, हे जरूर तपासा.