हस्त-चित्राचे रान

हवामानशास्त्र विभागाच्या वर्गवारीत ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने मोसमी पावसानंतरचा काळ म्हणून मोजले जातात, तर मराठवाड्यातला शेतकरी हाच काळ सूर्याच्या नक्षत्रांनी मोजतो : २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त, १० ऑक्टोबरच्या आसपास चित्रा आणि २४ ऑक्टोबरच्या आगेमागे स्वाती. या जेमतेम चार-पाच आठवड्यांत दख्खनच्या काळ्या जमिनीला एक पीक अंगावरून उतरवून दुसरे अंगावर घ्यावे लागते, आणि या दोन्ही कामांना लागणारे हवामान एकमेकांच्या अगदी उलट असते. काढणीला कोरडी हवा आणि ऊन लागते, तर रब्बीच्या पेरणीला जमिनीत खोलवर मुरलेला ओलावा. म्हणूनच शरदातल्या पावसाचे मोल तो किती मिलिमीटर पडला यावरून ठरत नाही. तो पडला त्या दिवशी शेंग कोणत्या अवस्थेत होती आणि रान मोकळे होते की पिकाखाली होते, यावरून ते ठरते.

मोसमी पावसाची माघार पश्चिम राजस्थानातून सुरू होते. तिची सर्वसाधारण तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरली जात असे. १९७१ ते २०१९ या काळातील नोंदींच्या आधारे २०२० मध्ये ती १७ सप्टेंबर करण्यात आली. ही माघार महाराष्ट्रातून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पूर्ण होते. आता ९५ ते १०० दिवसांत तयार होणारे सोयाबीन २० जूनच्या आसपास पेरले, तर ते सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात पक्व होते, म्हणजे पाऊस कायमचा थांबण्याच्या आधी दहा-पंधरा दिवस. हे वेळापत्रकच मुळात अवघड आहे, आणि महाराष्ट्रात अलीकडच्या हंगामांत सुमारे ५० लाख हेक्टरांवर सोयाबीन असल्यामुळे ती अडचण एखाद्या गावापुरती राहिलेली नाही.

या दिवसांतला पाऊस आषाढ-श्रावणातल्या पावसापेक्षा निराळ्या रीतीने येतो. पश्चिमेकडून येणारे बाष्पाने भरलेले वारे मंदावलेले असतात, आकाश सकाळी निरभ्र असते, ऊन चटका देते आणि ओल्या जमिनीतून वाफ वर चढते. दुपारी तीन-चारच्या सुमारास तिचे उंच ढग तयार होतात आणि विजांच्या कडकडाटासह तासाभरात एखाद्या शिवारावर धो धो पाऊस पडून शेजारचे शिवार कोरडे राहते. लातूर-धाराशिवकडचा शेतकरी जून-जुलैत पश्चिमेकडे डोळे लावून असतो, पण ऑक्टोबरात तो पूर्वेचे आभाळ पाहतो. याखेरीज बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडे सरकत दख्खनवर येतात, आणि मग पाऊस स्थानिक राहत नाही. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेले असेच एक क्षेत्र तेलंगणामार्गे सोलापूर आणि पुण्यावरून थेट अरबी समुद्रात उतरले आणि वाटेतल्या काढणीच्या पिकांवर पाणी फिरवून गेले.

सोयाबीनचे रान पिकते तेव्हा पाने आधी पिवळी पडतात, मग गळतात, आणि शेवटी तपकिरी शेंगांनी लगडलेल्या काड्या उरतात. दाण्याची वाढ पूर्ण होते त्या वेळी त्यात निम्म्याहून अधिक पाणी असते. बहुतेक सर्व शेंगांचा रंग बदलल्यानंतरही दाण्यातील ओलावा १५ टक्क्यांखाली येण्यास पाच ते दहा कोरडे दिवस लागतात. या पाच-दहा दिवसांत पीक सर्वांत असहाय असते. सोयाबीनच्या दाण्याला सुप्तावस्था, म्हणजे पक्व झाल्यावर काही काळ न उगवण्याची नैसर्गिक प्रवृत्ती, जवळपास नसते; त्यामुळे ऊबदार हवेत दोन-तीन दिवस शेंग भिजत राहिली की दाणा शेंगेतच मोड धरतो. पाऊस पडून पुन्हा ऊन पडले तरी धोका टळत नाही, कारण दाणा पाण्याने फुगतो आणि उन्हाने आक्रसतो, या आलटापालटीत त्याच्या सालीवर सुरकुत्या आणि भेगा पडतात, आणि वाळताना शेंगेच्या दोन्ही शकलांतील तंतूंना पीळ पडून ती फटकन उकलते व दाणे जमिनीवर उडतात. जेएस ३३५ या दीर्घकाळ लोकप्रिय राहिलेल्या वाणाची काढणी लांबली की हे नुकसान डोळ्यांदेखत होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस ७१ किंवा राहुरीच्या विद्यापीठाचा फुले संगम यांसारखे पर्याय शेतकऱ्यापुढे आहेत, पण पावसात शेंगेला येणारा मोड वाण बदलल्याने चुकत नाही.

पेरण्या पुढेमागे केल्या तर काढण्याही विभागल्या जातील, अशी एक साधी सूचना केली जाते. ती अर्धीच खरी आहे. सोयाबीन हे लघुदिन पीक आहे, म्हणजे दिवसाची लांबी कमी होऊ लागली की ते फुलोऱ्याकडे वळते. त्यामुळे पंधरा दिवस उशिरा पेरलेले रान पंधरा दिवस उशिरा पिकत नाही, त्याचा कालावधीच आखडतो आणि सगळा तालुका जवळजवळ एकाच वेळी काढणीला येतो. मजुरांची टंचाई आणि उक्त्या दराची चढती बोली यांचे मूळ या वनस्पतीच्या स्वभावातही आहे.

काढणीचा दिवस लवकर सुरू होतो. पहाटेच्या दवाने शेंगा किंचित मऊ असतात, त्यामुळे विळ्याच्या हिसक्याने त्या तडकत नाहीत, आणि म्हणून जाणत्या टोळ्या उजाडताच रानात उतरून ऊन तापेपर्यंत बराचसा भाग आडवा करतात. कापलेली झाडे लहान ढिगांनी दोन-तीन दिवस वाळू दिली जातात. जमीन ओली असेल तर विळा लावताच झाड कापले जाण्याऐवजी मुळासकट उपटून येते, मुळाला चिकटलेली चिखलाची गोळी मळणी यंत्रात जाते आणि दाण्याला मातीचा थर बसतो. आडतीवर असा माल हातात घेताच त्याचा भाव उतरतो. हार्वेस्टरला तर ओल्या काळ्या रानात शिरताच येत नाही, आणि शिरलाच तर त्याच्या चाकांनी दडपलेला पट्टा पुढच्या पिकातही ओळखू येतो.

वाळलेले ढीग एकत्र करून उंचवट्यावर जी मोठी गंजी रचतात तिला मराठवाड्यात बनीम म्हणतात. पूर्वेला ढग दिसले की बनिमीवर ताडपत्री चढते. पण अर्धवट वाळलेल्या पिकावर ताडपत्री दिवसरात्र राहिली, तर आतली वाफ बाहेर जाऊ शकत नाही, ढीग आतून तापतो, बुरशी धरते आणि वरून कोरडी दिसणारी बनीम उघडल्यावर आत काळपट, कुबट वासाचा माल निघतो. म्हणून उघडीप मिळताच दुपारी ती मोकळी करावी लागते आणि संध्याकाळी पुन्हा झाकावी लागते. मळणीलाही नेमका ओलावा लागतो. १३-१४ टक्क्यांच्या आसपास दाणा यंत्रातून सुखरूप निघतो. त्याहून ओला असेल तर तो चेपतो, फार कोरडा असेल तर त्याची डाळ होते. बियाण्यासाठी ठेवायच्या मालाची मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या दरम्यान ठेवून करावी लागते. ओलावामापक सगळ्यांकडे नसतो. शेंग हलवली की आत दाणा वाजतो का आणि दाताखाली धरला की तो कट्कन तुटतो का, एवढ्यावर बहुतेक निर्णय होतात, आणि ते फारसे चुकत नाहीत.

बाजारात मात्र यंत्राचा आकडाच चालतो. खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. ओल्या शरदात ती पाळणे किती अवघड असते याची कबुली म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने हमीभावाच्या खरेदीसाठी त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. १८ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला, तर तो सुमारे ९३ किलो भरतो. म्हणजे क्विंटलमागे सात किलो वजन नुसत्या पाण्याचे असते, आणि ते गेल्यावर शेतकऱ्याचे काही बुडत नाही. पण वाळवण्यासाठी ऊन आणि अंगण दोन्ही नसल्यामुळे तो ओलाच माल विकतो, तेव्हा कपात पाण्यापुरती न राहता डागी म्हणून आणखी वाढते. खरा तोटा तिथे आहे.

याच दिवसांत रब्बीचे घड्याळही चालू झालेले असते. कोरडवाहू हरभऱ्याच्या पेरणीची शिफारस २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर आणि रब्बी ज्वारीची १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी आहे, म्हणजे सोयाबीन रानातून निघण्याच्या मुदतीवरच ही मुदत बसलेली आहे. पेरणीसाठी जमीन वाफशावर यावी लागते. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी आणि हवा साधारण सारख्या प्रमाणात असण्याची स्थिती. मूठभर मातीचा गोळा करून तो खांद्याइतक्या उंचीवरून सोडला असता फुटून विखुरला तर वाफसा आहे, तसाच चपटा होऊन पडला तर नाही, ही त्याची रानातली परीक्षा. काळ्या जमिनीतील चिकणमाती पाण्याने फुगते आणि पाणी सहजी सोडत नाही, त्यामुळे हलक्या जमिनीत दुसऱ्या दिवशी येणारा वाफसा येथे जोराच्या पावसानंतर आठवडाभरही लांबतो. तो यायच्या आधीच पाभर घातली तर फण मातीच्या चकत्या उचलतो, त्या वाळून ढेकळे होतात आणि बी मधल्या पोकळीत पडते. फार थांबले तर वरचा चार बोटांचा थर सुकून उगवण विरळ होते.

मराठवाड्यातल्या काढणीला नकोसा झालेला तोच पाऊस शंभर-सव्वाशे किलोमीटर पुढे सोलापूरकडच्या मंगळवेढ्यावर पडला, तर तिथे त्याचे स्वागत होते. सोलापूर जिल्ह्यातील खोल काळी राने खरिपात मोकळी ठेवून ज्वारीसाठी राखली जातात आणि मालदांडीसारखे वाण पेरणीनंतर फारसा पाऊस न मिळता साठलेल्या ओलाव्यावर वाढतात. तिथे हस्ताचा पाऊस हेच पिकाचे भांडवल असते. मीटरभर खोलीच्या काळ्या जमिनीत पिकाला उपयोगी असे १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावू शकते. मात्र भेगा एकदा मिटल्या की ही जमीन पाणी हळूहळू पिते आणि उरलेले वाहून जाते, म्हणून सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनातून, ज्याची सुरुवात १९३३ ची आहे, पेरणीपूर्वी रानात बंदिस्त वाफे, म्हणजे चारी बाजूंनी बुटके वरंबे असलेले चौकोन, पाडून पाऊस जागीच मुरवण्याची पद्धत रुजली.

पक्व दाणा ऐन पावसात सापडण्याचा अनुभव खरीप ज्वारीनेही पूर्वी दिला आहे. जुने उंच गावठी वाण दिवसाच्या लांबीवर फुलत आणि त्यांची कणसे पाऊस सरल्यावर भरत. १९६४ मध्ये आलेला सीएसएच १ हा संकरित वाण सुमारे शंभर दिवसांत तयार होई, उत्पन्न कितीतरी अधिक देई, पण त्याचे दाणे ऐन पावसात पिकून बुरशीने काळे पडत. अधिक उत्पन्न आणि अधिक जोखीम एकाच दाण्यात आली. सोयाबीनने ती जोखीम वारशानेच घेतली, असे म्हणण्यास हरकत नाही.

इतर पिकांचे हाल थोडक्यात सांगता येतात. विदर्भात फुटलेल्या बोंडातला कापूस भिजून पिवळसर कवडी होतो आणि न फुटलेली बोंडे आत सडतात. कोकणात आश्विन पौर्णिमेच्या नवान्नाला तयार असणारी हळवी भाते सर्वांत आधी सापडतात. आडवी पडलेली किंवा कापून मळ्यातच पसरलेली लोंबी पाण्यात राहिली की तिला कोंब येतात. नाशिकच्या द्राक्षबागांत फळछाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर डाऊनी हा बुरशीजन्य रोग चढतो.

कापून पसरलेल्या पिकाचे हे नुकसान पीकविम्याच्या नियमांत कधीकाळी स्वतंत्रपणे ओळखले गेले होते : कापणीनंतर १४ दिवसांपर्यंत पावसाने नुकसान झाल्यास ७२ तासांत कळवायचे, अशी तरतूद होती. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने ही जादा कवचे वगळून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठेवली. कापणी प्रयोग दाण्याचे वजन करतो. तो डागी आहे की चोख, हे त्या वजनात येत नाही. शरदातले नुकसान बहुतांशी प्रतीचे असते, आणि प्रत मोजण्याची सोयच या रचनेत नाही, हा तिचा मोठा दोष मानावा लागतो.

शरदाचा परिणाम पुढच्या जूनपर्यंतही पोहोचतो. २०१९ च्या ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस लांबलेल्या पावसाने, ज्यात अरबी समुद्रातील क्यार आणि महा या चक्रीवादळांचाही हात होता, राज्यातील ५० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावरील पिकांचे नुकसान झाले. त्यातून वाचलेले सोयाबीनच २०२० च्या खरिपात बियाणे म्हणून वापरात आले आणि ते न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या. भेगाळलेल्या सालीचा दाणा गोदामात शाबूत दिसतो, पण मातीत पडल्यावर पाणी झपाट्याने शोषून आतल्या आत कुजतो. तेव्हापासून ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने ठेवून उगवण तपासण्याचा प्रचार वाढला असून, ७० पेक्षा कमी दाणे उगवले तर पेरणीचे बियाणे हेक्टरी ७५ किलोंहून वाढवण्याचा सल्ला दिला जातो. पाण्याची सोय असलेल्या काही शेतकऱ्यांनी बियाण्यापुरते सोयाबीन उन्हाळ्यात घ्यायला सुरुवात केली आहे. तेव्हा पिकाला फुलोऱ्यापासूनच कडक उन्हाचा त्रास होतो, दाणा बारीक राहतो आणि उताराही खरिपाच्या मानाने कमी पडतो, तरी काढणीच्या वेळी आभाळ कोरडे मिळते म्हणून तो सौदा त्यांना परवडतो.