सावळ्या रंगाचा हिशेब

पूर्वी लग्नाचा अल्बम म्हणजे छत्तीस फोटोंचे तीन-चार रोल. आता वऱ्हाड घरी परतेपर्यंत दोन-तीन हजार फोटो जमलेले असतात. एवढ्यांचे रंग एकेक करून कोण सुधारणार? त्यावर छायाचित्रकारांना सापडलेली तोड म्हणजे 'प्रीसेट'.

माझ्यासारख्या बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला ही कल्पना चटकन उमजते. खातेदार एकदा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन जातो. मग दरमहा रिकरिंगचा हप्ता आपोआप वळता होतो. प्रीसेटही तसाच. एका फोटोवर मनासारखे संस्कार करायचे, ते नाव देऊन साठवायचे आणि पुढच्या शेकडो फोटोंना एका टिचकीसरशी लावायचे. फोटोशॉपमध्ये कृतींची अशी साखळी नोंदवून ठेवण्याची सोय १९९६ साली आली. २००७ साली लाइटरूम आले आणि प्रीसेट छायाचित्रकारांच्या रोजच्या कामात रुळले. लाइटरूममध्ये मूळ फोटोला धक्का लागत नाही. सूचना तेवढ्या वेगळ्या लिहिल्या जातात. खतावणीतली नोंद न खोडता शेजारी शेरा मारावा, तसे.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचे लग्न झाले. मुलगी सावळी, तरतरीत. फोटो आले तेव्हा माझी बहीण हरखून म्हणाली, "दादा, बघ ना, किती उजळ आलीय!" भाची मात्र गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, ही मी नाहीच." मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. हळद फिकट झाली होती आणि हातातला हिरवा चुडा राखाडी दिसत होता.

फोटोग्राफरच्या तरुण मदतनिसाने उलगडा केला. प्रीसेट विकत घेतलेला, परदेशी. त्यात हिरवा रंग दाबलेला, पिवळा उतरवलेला आणि नारंगीचा उजेड वाढवलेला. माणसाच्या कातडीचा रंग, गोरा असो की सावळा, यंत्राच्या हिशेबी बहुतांशी नारंगीतच मोडतो. तो उजळला की माणूस उजळतो. कुणीतरी दूरच्या उन्हात, वेगळ्या चेहऱ्यांसाठी केलेली ही निवड आमच्या मांडवात येऊन बसली होती.

हे आजचे नाही. फिल्मच्या काळात कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या तरुणीचा नमुना-फोटो पुरवत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. वेगवेगळ्या वर्णांच्या चेहऱ्यांचे कार्ड यायला १९९०चे दशक उजाडले.

भाची मग त्या मदतनिसाशेजारी बसली. हळदीचा एक फोटो निवडला. चेहरा, हळद आणि चुडा डोळ्यांना खरा वाटेपर्यंत रंग जुळवले आणि तो प्रीसेट म्हणून साठवला. साठवताना कोणकोणत्या सूचना घ्यायच्या याची यादी समोर येते. उजेडाचे प्रमाण आणि व्हाइट बॅलन्स यांवरची खूण त्यांनी काढून टाकली, कारण मांडवातले ऊन आणि हॉलमधले दिवे एका मापाने मोजता येत नाहीत. ते प्रत्येक ठिकाणी वेगळे पाहावे लागतात. नावेही साधी दिली: 'मांडव, दुपार' आणि 'हॉल, दिवे'. मूळ फोटो शाबूत असल्याने साऱ्या अल्बमचे रंग दोन दिवसांत पालटले.

घरात कार्य ठरले असेल, तर फोटोग्राफरला आगाऊ रक्कम देण्याआधी त्याने काढलेले सावळ्या माणसांचे फोटो जरूर मागून पाहा. आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारा. यंत्र काय, सांगितले तेवढेच करते. पण 'मुलगी जरा उजळ दिसू दे' ही स्टँडिंग इन्स्ट्रक्शन आपल्या घराघरांत प्रीसेटच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. तिच्यावर सह्या आपल्याच आहेत. सोयीखातर दिलेली सूचना अधूनमधून तपासावी, हे बँकेत आम्ही खातेदारांना सांगत असू.

माझी बहीण अजूनही म्हणते, पहिले फोटो बरे होते. असेल. पण उद्या भाचीची लेक 'माझा रंग कुणाचा?' म्हणून हा अल्बम उघडेल, तेव्हा तिला खरे उत्तर मिळायला हवे.