सुईची पदवी : फायदा कोणता, खबरदारी कोणती?



अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे शरीरावरील ठराविक बिंदूंवर बारीक सुया टोचून करावयाचा उपचार. अंगदुखी, गुडघेदुखीसाठी लोक तो घेतात. आपली मुलं-मुलीही आता या शिक्षणाची चौकशी करू लागली आहेत.

विद्या मूळची चीनची. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू. त्यांनी पुढे ही विद्या शिकून १९५९ मध्ये कलकत्त्यात उपचार सुरू केले. केंद्र सरकारने २००३ साली उपचाराची एक पद्धत म्हणून तिला मान्यता दिली. महाराष्ट्राने २०१५ चा कायदा करून परिषद आणि नोंदणी आणली.

आता उच्च पदवीचा फायदा. अमेरिकेत बहुतेक राज्यांत सुई हातात धरायला परवाना लागतो, आणि त्यासाठी साधारणपणे पदव्युत्तर शिक्षण व परीक्षा. त्यापुढे डॉक्टरेट केली तर शिकवण्याची, संशोधनाची वाट मोकळी होते. थोडक्यात, पदवीची खरी किंमत तिच्यामुळे मिळणाऱ्या परवान्यात आहे.

आपल्याकडेही हेच ध्यानात ठेवावे. चार दिवसांच्या वर्गाचे रंगीत प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, पण त्यावर नोंदणी होईलच असे नाही. तेव्हा उसाच्या बिलातून फी भरण्याआधी परिषदेकडे लेखी विचारा : या अभ्यासक्रमावर नोंदणी मिळते का? परदेशी पदवी इथे चालते का?

बेणे पारखल्याशिवाय आपण लागण करीत नाही. मग पोराच्या आयुष्याची लागण डोळे झाकून का करावी?