कोणता कायदा जाळायचा?

कोर्टातली कारकुनी करून मी निवृत्त झालो. नाहूरला धीमी लोकलच थांबते, त्यामुळे व्हीटीला जाता-येता वाचायला भरपूर वेळ मिळायचा. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची हकीकत तेव्हा पुन्हापुन्हा वाचली आणि दर वेळी एकाच जागी अडलो. डिसेंबर १९२७ मध्ये ज्यांनी मनुस्मृतीची होळी केली, त्यांनीच त्याच मुक्कामात दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम पाळला. का?

१९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. कागदावर! प्रत्यक्ष ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडला. म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी कायदा मोडलाच नाही, वापरला. मोडली ती रूढी. त्याबद्दल लोकांनी लाठ्या खाल्ल्या, आणि तळे ‘शुद्ध’ करायला पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या गेल्या.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी कोर्ट गाठले. तळे खासगी आहे म्हणे! १४ डिसेंबरला मनाईहुकूम निघाला. परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ तारखेच्या भाषणात बाबासाहेबांनी त्या सभेचे नाते १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी जोडले; पाणी हे निमित्त, समता हा हेतू, असा रोख. त्याच दिवशी गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृती जळाली. तुरुंगात जायला हजारो तयार होते. तरी सत्याग्रह तहकूब झाला.

‘काका, मग ही क्रांती कसली?’ शेजारचा कॉलेजातला पोरगा मला विचारतो. त्याला मी फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू सांगतो. बंडखोर ‘नाही’ म्हणतो तेव्हा त्याच दमात कशाला तरी ‘हो’ म्हणत असतो, असे त्याने १९५१ च्या पुस्तकात मांडले. ते ‘हो’ विसरलेली क्रांती स्वतःच जुलमी होते. माझ्या मते महाडला ‘नाही’ आणि ‘हो’ दोन्ही दिसतात. मनुस्मृतीपुढे अपील नव्हते. कोर्टापुढे निदान कैफियत देता येत होती. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. हा फरक त्यांना कुणी शिकवायला नको होता.

मनाईहुकूम पाळण्याची किंमतही मोठी पडली. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला : अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची रूढी प्रतिपक्षाला सिद्ध करता आली नाही. सव्वानऊ वर्षे! आयुष्यभर तारखा लिहिलेल्या माणसालाही हा आकडा बोचतो.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले, सनदशीर मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रहालाही जागा नाही. इथे माझे मन पुरते राजी होत नाही. महाडचा १९२४ चा ठरावही खुला मार्गच होता की! तीन वर्षे त्या मार्गाने एकाही अस्पृश्याला तळ्यापर्यंत पोचता आले नव्हते.