गोळ्यांच्या डब्यात गांजाचं तेल

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये रेहोवोतकडे निघालेल्या एका बसमध्ये उग्र वास पसरला. प्रवासी इकडेतिकडे पाहू लागले. वास येत होता राफाएल मेशुलाम या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या पिशवीतून. तिच्यात पोलिसांनी जप्त केलेला पाच किलो चरस होता, संशोधनासाठी मागून आणलेला. मेशुलाम यांनी १९६३मध्ये नशा न आणणाऱ्या सीबीडीची रचना उलगडली आणि १९६४मध्ये येहिएल गाओनी यांच्यासोबत नशा आणणारा टीएचसी हा रेणू वेगळा काढला. पुढे १९९२मध्ये त्यांच्या गटाला मेंदूतच तयार होणारं आणि टीएचसीसारखं काम करणारं एक रसायन सापडलं. संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून त्याचं नाव पडलं आनंदामाइड.

हेच मेशुलाम ८७व्या वर्षी आणखी एका शोधनिबंधाचे सहलेखक होते. विषय होता म्हातारपणी घेतलेला औषधी गांजा.

२०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६५ वर्षांवरचे २,७३६ रुग्ण होते, बहुतेक जण जुनाट वेदना किंवा कर्करोगाने त्रासलेले. सहा महिन्यांनी उत्तर देणाऱ्या ९०१ जणांपैकी ९३.७ टक्क्यांनी बरं वाटत असल्याचं सांगितलं. दहाच्या मापावर आठ असलेली वेदना चारवर आली. १८.१ टक्क्यांनी अफूवर्गीय वेदनाशामकं कमी केली किंवा सोडली. मात्र तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा गट इथे नव्हता. दुष्परिणामांत सर्वांत वर होती चक्कर, ९.७ टक्के.

तिशीत चक्कर आली तर माणूस खाली बसतो, पाणी पितो, कामाला लागतो. पंच्याहत्तरीत तीच चक्कर रात्री बाथरूमच्या वाटेवर आली, तर खुब्याचं हाड मोडू शकतं.

याचं मूळ वय झालेल्या शरीरात आहे. वयाबरोबर स्नायू घटतात, चरबीचं प्रमाण वाढतं आणि टीएचसी चरबीत मुरणारं रसायन आहे. यकृताचं कामही मंदावलेलं असतं, त्यामुळे ते सावकाश बाहेर पडतं. तोंडाने घेतलं तर परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून माणूस आणखी घेतो आणि मग दोन्ही मात्रा एकदम चढतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २०२०मध्ये गांजाचे खाद्यपदार्थ कायदेशीररीत्या विकायला लागल्यावर गांजाच्या विषबाधेने तातडीच्या विभागात येणाऱ्या ज्येष्ठांचं प्रमाण कायदा बदलण्यापूर्वीच्या तुलनेत तिपटीहून अधिक झालं.

डोळसपणे वापरल्यास उपयोग होतो, हेही खरं. टोरांटोमध्ये अल्झायमरच्या ३९ रुग्णांवर टीएचसीसारख्या नॅबिलोन या कृत्रिम औषधाची चाचणी झाली. रुग्णांचं सरासरी वय ८७ होतं. त्यांची अस्वस्थता, चिडचिड कमी झाली, पण गुंगीचा त्रास नॅबिलोनवर १७ जणांना झाला, खोट्या गोळीवर सहा जणांना. सांभाळणाऱ्या लेकी-सुनांना रात्रीची झोप देणारी ही गोळी रुग्णाला दिवसाही पेंगुळलेलं ठेवू शकते. म्हणून वृद्धांना मात्रा अगदी थोडक्यापासून सुरू करून सावकाश वाढवायची असते.

सीबीडीने नशा होत नाही, म्हणून ते निर्धोक असं अनेकांना वाटतं. इथेच घात होतो. कित्येक औषधं यकृतातल्या ज्या विकरांकडून मोडली जातात, त्यांतल्या काहींना सीबीडी अडवतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन अशा औषधांपैकीच एक. ते मोडलं गेलं नाही तर रक्तात साचत जातं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो.

भारतात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंधनं आणली, पानं मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली. त्यामुळे ‘विजया’ नावाने पानांच्या अर्काची आयुर्वेदिक तेलं वैद्यांच्या सल्ल्याने मिळतात. गुडघेदुखीने जेरीस आलेली आजी ती घेऊ लागते आणि हृदयरोगतज्ज्ञांना सांगायचं राहून जातं, कारण तिच्या लेखी ते औषध नसून ‘तेल’ असतं.

अमेरिकेतल्या अलाबामात कृत्रिम झडप बसवलेला ४४ वर्षांचा एक रुग्ण वॉरफरिन घेत होता. फिट्ससाठी त्याला सीबीडी सुरू झालं, तसा रक्त गोठण्याच्या तपासणीतला आकडा चढू लागला. डॉक्टरांनी वॉरफरिनची मात्रा सुमारे ३० टक्क्यांनी उतरवली. त्या रुग्णाला सीबीडी चालू आहे, हे त्याच्या डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.