जुन्या कारचे स्टिअरिंग जड झाले, ओढते की थरथरते? ‘रॅक गेला’ हे मान्य करण्याआधी एवढे तपासा

मारुती ८००चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले. तरीही ही कार आणि तिच्या बरोबरीच्या जुन्या अल्टो, वॅगन आर, सँट्रो आजही तालुक्याच्या गावांपासून पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांपर्यंत रोज रस्त्यावर उतरतात. अनेक जण गाडी शिकण्यासाठी सेकंडहँड बाजारातून अशीच एखादी कार घेतात. पावसाळाभर खड्डे खाल्ल्यावर या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार गॅरेजमध्ये हमखास ऐकू येते, ती म्हणजे स्टिअरिंग पूर्वीसारखे राहिले नाही.

त्यावर मिळणारे उत्तरही बऱ्याचदा ठरलेले असते, ‘रॅक गेला.’ रॅक बदलणे हे स्टिअरिंगच्या दुरुस्तीतील मोठ्या खर्चाचे काम. प्रत्यक्षात दोष अनेकदा टायरमधील हवेत, झिजलेल्या टायरमध्ये किंवा एखाद्या छोट्या सांध्यात असतो. उलट, खरोखर सैल झालेला सांधा ‘जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच’ म्हणून सोडून दिला, तर तो धावत्या गाडीत निखळू शकतो. एका चुकीत पैसा जातो, दुसरीत जीव धोक्यात येतो. दोन्ही टाळायच्या असतील तर लक्षण ओळखणे आणि तपासणीचा क्रम पाळणे गरजेचे आहे.

स्टिअरिंगचे काम कसे चालते?

स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते, त्याला पिनियन म्हणतात. ते फिरले की रॅक नावाची दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकते. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड असतात आणि त्यांच्या शेवटी असलेला गोळीचा सांधा, म्हणजे टाय रॉड एन्ड, चाकाला वळवतो. चाकाचा भाग खालून लोअर आर्मच्या बॉल जॉइंटवर, तर वरून शॉकअपवर टेकलेला असतो. यातील कोणताही दुवा झिजला, तरी चालकाला तो हातातील स्टिअरिंगमध्येच जाणवतो. म्हणूनच प्रत्येक दोषाचे खापर रॅकवर फुटते.

गाडी एका बाजूला ओढते

सर्वांत आधी हवा तपासावी. पुढच्या दोन टायरमधील हवेत फरक असेल, तर गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. किती हवा हवी, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दरवाजाजवळील स्टिकरवर लिहिलेले असते. टायर थंड असतानाच हवा मोजावी.

हवा बरोबर असेल, तर पुढची दोन चाके आपसात बदलून पाहावीत. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर मात्र हा प्रयोग करू नये. ओढण्याची दिशाही बदलली, तर दोष टायरचा. दिशा तीच राहिली, तर अलाइनमेंट किंवा ब्रेक संशयित ठरतो. काही किलोमीटर चालवल्यावर एका बाजूचे चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेले आढळले, तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही, असे समजावे. तापलेल्या रिमला हात लावू नये, जवळ हात नेला तरी फरक कळतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध थोडा उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे गाडीचा डावीकडे किंचित कल असणे हा दोष नाही. चाचणी सपाट, मोकळ्या रस्त्यावरच करावी.

स्टिअरिंग जड झाले

येथेही पहिला संशय कमी हवेवर. दुसरा कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायरवर. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत हा फरक लगेच हाताला कळतो.

त्यानंतर गॅरेजमध्ये पुढची दोन्ही चाके उचलून स्टिअरिंग फिरवून पाहण्यास सांगावे. चाके हवेत असतानाही ते जड असेल, तर स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा, कोरडे पडलेले बॉल जॉइंट किंवा रॅक तपासावा लागेल. चाके उचलताच ते हलके झाले, तर टायर किंवा शॉकअपच्या वरच्या बेअरिंगकडे पाहावे. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ न येणे, हेदेखील याच बेअरिंगचे किंवा कोरड्या सांध्यांचे लक्षण असू शकते.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल, तर तेलाची पातळी, गळती आणि पंपाचा पट्टा पाहावा. वळवताना बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर पट्टा सैल असण्याची शक्यता असते. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये तेल नसते. तेथे कमकुवत बॅटरी, नीट चार्जिंग न होणे किंवा उडालेला फ्यूज यामुळेही मदत बंद पडते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. अशा वेळी सुटे भाग बदलण्याआधी स्कॅनर लावून दोषाचा कोड पाहणे स्वस्त पडते.

स्टिअरिंग थरथरते

थरथर कधी होते, यावर निदान ठरते. ताशी ६० ते ९० किलोमीटरच्या दरम्यान थरथर सुरू होऊन पुढे कमी होत असेल, तर बहुधा चाकांचे बॅलन्सिंग बिघडलेले असते. कमी वेगातही चाक डुलल्यासारखे वाटत असेल, तर वाकलेली रिम किंवा फुगवटा आलेला टायर शोधावा. फुगवटा आलेला टायर केव्हाही फुटू शकतो, तो तातडीने बदलावा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर येत असेल, तर स्टिअरिंगऐवजी ब्रेकची डिस्क तपासावी.

खडखड आवाज आणि ‘प्ले’

खड्ड्यातून जाताना ‘टक’ किंवा ‘खड’ असा आवाज येणे हे टाय रॉड एन्ड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश किंवा रॅकचे बुश झिजल्याचे लक्षण असू शकते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे नेताना एकापाठोपाठ ‘कट-कट’ वाजत असेल, तर दोष बहुतेक वेळा एक्सलच्या जॉइंटमध्ये असतो. त्याचा रॅकशी संबंध नाही.

स्टिअरिंग फिरवूनही काही अंतरापर्यंत चाके हलत नाहीत, त्या मोकळ्या फिरण्याला गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ म्हणतात. तो कोठून येतो, हे दोन माणसांना सहज शोधता येते. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. एकाने स्टिअरिंग थोडे-थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने बाहेरून टॉर्च मारून सांधे पाहावेत. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी मागाहून हलते, तो सांधा गेलेला असतो.

दुसरी चाचणी चाक उचलून केली जाते. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर टाय रॉडकडे संशय जातो. वर-खाली धरून हलवल्यावर जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा चाकाच्या बेअरिंगकडे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

अलाइनमेंट शेवटी का?

अनेक जण तक्रार आली की थेट अलाइनमेंट करून घेतात. मात्र सांधे सैल असतील, तर मशीनवर जुळवलेला कोन पहिल्याच खड्ड्यात पुन्हा बिघडतो आणि पैसे वाया जातात. त्यामुळे क्रम असा असावा:

• हवा आणि टायरची स्थिती
• सांधे आणि बुश
• बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट
• एवढे करूनही दोष राहिला, तरच रॅक

टाय रॉड एन्ड किंवा रॅक बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते. अलाइनमेंटच्या आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवणारा छापील अहवाल मागावा. बदललेला जुना भाग पाहायला मागणे, हाही ग्राहकाचा साधा हक्क आहे. त्यातील खेळ स्वतःच्या हाताने हलवून पाहता येतो.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंगचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असणेही त्यात आवश्यक ठरवले आहे. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणासाठी आली, की आरटीओत गाडीची तपासणी होते. मात्र ३० अंश ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. छोट्या कारमध्ये त्याच्या निम्मा खेळ जाणवला, तरी गॅरेज गाठावे.

गाडी कधी थांबवावी?

स्टिअरिंग अचानक सैल झाले, मध्येच अडकू लागले, किंवा स्टिअरिंग सरळ असूनही चाके तिरकी दिसली, तर गाडी तशीच रेटत नेऊ नये. घाटात तर नाहीच. वेग हळूहळू कमी करून कडेला थांबावे आणि गाडी टो करून न्यावी. चालत्या गाडीत चावी काढू नये, कारण त्यामुळे स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

मोठा खर्च टाळण्याचा एक उपाय मात्र अगदी साधा आहे. रॅकच्या दोन्ही टोकांना घड्या असलेले रबरी आवरण असते. ते फाटले की पावसाचे पाणी आणि चिखल आत जातो आणि चांगला रॅक गंजून खराब होतो. हे आवरण रॅकच्या तुलनेत फारच स्वस्त असते. दरवर्षी पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली जाते, तेव्हा ही दोन आवरणे आणि सांध्यांच्या टोप्या टॉर्च मारून पाहून घ्याव्यात. त्यासाठी दोन मिनिटे पुरतात.