एलएएलआर पार्सरमधली चुकीची पळवाट

कंपायलरचा पार्सर पुढचे एक चिन्ह पाहून नियम कधी लावायचा ते ठरवतो. प्रत्येक अवस्थेत कोणती चिन्हे चालतील, याचे संच आधीच काढलेले असतात. डोनाल्ड क्नुथ यांनी 1965 मध्ये मांडलेल्या एलआर पद्धतीची कोष्टके फार मोठी होत. फ्रँक डीरेमर यांनी 1969 मध्ये एलएएलआर हा आटोपशीर पर्याय दिला.

संच काढायला मात्र वेळ लागे. तो वाचवण्यासाठी काहींनी संच अवस्थांमधील संक्रमणाऐवजी संक्रमण जिथे पोहोचते त्या अवस्थेलाच जोडले. नवापूर आणि शहाद्याहून आलेले प्रवासी नंदुरबारच्या एकाच स्थानकात उतरतात, म्हणून त्यांची परतीची तिकिटे एक होत नाहीत. इथे मात्र नेमकी तशी सरमिसळ झाली. संच फुगले आणि निर्दोष व्याकरणातही खोटे संघर्ष, म्हणजे एकाच चिन्हावर दोन कृती शक्य असल्याचे इशारे, दिसू लागले. व्याकरण बरोबर असूनही ते बदलायला भाग पाडणारी ही चूक गंभीरच म्हणावी लागेल.

डीरेमर आणि थॉमस पेनेलो यांनी 1982 मध्ये या पळवाटेला ‘एनक्यूएलएएलआर’ म्हटले आणि उपायही दिला: संच संक्रमणालाच जोडायचा, संक्रमणांमधले संबंध आलेखात मांडायचे आणि परस्परावलंबी चक्रे एकाच फेरीत सोडवायची. अचूकता आली, वेगही टिकला. बायसन हे पार्सर-जनित्र याच रीतीने संच काढते. संघर्षाचा इशारा आला, तर विद्यार्थ्यांनी व्याकरण बदलण्याआधी बायसनचा तपशीलवार अहवाल जरूर वाचावा.